यॉर्क : तटावरून, एकटीनं, एक दिवस

खामकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचत असते, लिहिते पहिल्यांदाच. मोठं होणार आहे, सावकाश वाचा.

ऑफिसच्या कामासाठी चार महिने इंग्लंडात लीड्सला आलेय आणि मार्चअखेरच्या एका शनिवारी एकटीच यॉर्कला जाऊन आले. बरोबरच्या दोघींचं ऐनवेळी रद्द झालं, मी तिकीट काढून बसलेले, म्हणलं आता जायचंच. लीड्सहून गाडीनं जेमतेम अर्धा तास. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली आणि रेनकोट. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात नुसती चालत होते, बस नाही टॅक्सी नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच तट. खाली हिरवा उतार, उतारभर पिवळी डॅफोडिल्स फुललेली आणि वर पांढरट दगडाची भिंत, तिच्यावरून माणसं चाललेली. मी औरंगाबादची, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर, आजोळ भडकल गेटजवळ. आमच्याकडं बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, पण आम्ही वाढलो तोवर दरवाजे रस्त्याच्या मधोमध एकेकटे उभे राहिलेले आणि तट म्हणजे कुणाच्या तरी घरामागं उरलेला चार हातांचा तुकडा. त्याच्यामुळं अख्खा तट, ज्याच्यावर चढून आपण चालू शकतो, हे बघून मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. स्टेशनच्या दारात दोन मिनिटं तशीच उभी होते.

तटावर चढायच्या आधी एक बघा. स्टेशनसमोरच तटाच्या पायाशी गवतात थोडे जुने दगड उभे आहेत. १८३२ च्या कॉलऱ्यात शहरातली १८५ माणसं गेली, त्यांना इथं गावाबाहेर आणून पुरलं. सुटकेस ओढत लोक शेजारून जातात, कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा थोडं.

तट सगळा मिळून साधारण साडेतीन किलोमीटर, इंग्लंडात एवढा लांब शहरतट दुसरीकडं कुठं उरलेला नाही. पैसे लागत नाहीत, सकाळी उघडतो आणि अंधार पडायच्या आत बंद होतो. आतल्या अंगाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाहीये, खाली सरळ लोकांची परसं, त्यामुळं लहान मुलं बरोबर असतील तर हात धरून चाला. स्टेशनपासून नदीच्या बाजूला चालत गेलं की लेंडल पूल लागतो, तिथं तट संपतो, ऊझ नदी ओलांडायची आणि पलीकडं म्युझियम गार्डन्स. तिथला एक बुरूज मला फार आवडला. अनेक कोनांचा आहे, त्याला नावच मल्टअँग्युलर टॉवर. खालचे दगड छोटे छोटे, एकसारखे, मध्ये लाल विटांचा पट्टा, ते सगळं रोमन. वरचे मोठे दगड मध्ययुगातले. म्हणजे रोमन लोक गेल्यावर कित्येक शतकांनी कुणीतरी त्याच बुरजावर पुढचं बांधकाम चढवलं. इसवी सन ७१ च्या सुमारास रोमन सैन्याची नववी पलटण इथं आली, लाकडी किल्ला बांधला, गावाचं नाव एबोराकम. मी भिंतीला हात लावून बघितला, गार होता आणि ओला.

तिथंच बाकावर बसून धपाटे खाल्ले. शेजारी मठाच्या कमानी उभ्या, सेंट मेरीज् ॲबी, आठव्या हेन्रीनं मठ बंद केले त्यात १५३९ ला हाही गेला. छप्पर नाही, खांब नाहीत, एक भिंत आणि तिच्यातून दिसणारं आभाळ. एक आजी शेजारी येऊन बसल्या, मला विचारलं हे काय खातेस, मी अर्धा धपाटा दिला, त्यांनी चटणीसकट खाल्ला आणि पाणी न मागता संपवला.

मग बुथम बार. आधी नावांचं सांगते, नाहीतर गोंधळ होतो. यॉर्कात बार म्हणजे वेस आणि गेट म्हणजे रस्ता! व्हायकिंग लोकांनी ८६६ ला हे गाव घेतलं, त्यांच्या भाषेत रस्त्याला गाटा, त्याचं गेट झालं. त्यामुळं स्टोनगेट, मिकलगेट, गुडरमगेट, कॉपरगेट हे सगळे रस्ते, आणि मुख्य वेशी चार, बुथम बार, मंक बार, वॉमगेट बार, मिकलगेट बार. मला हे कळेपर्यंत मी नकाशावर गेट शोधत फिरत होते. पण एकदा कळलं आणि मग दर पाटीशी थांबायला लागले. आमच्याकडं कुंभारवाडा म्हणलं की तिथं कोण राहायचं ते सांगावं लागत नाही, तसंच. राज्यं बदलली, भाषा बदलली, रस्त्याचं नाव मात्र हजार वर्षांपूर्वीच्या तोंडातलं.

बुथम बार ते मंक बार हा तटाचा तुकडा सगळ्यात सुंदर. उजव्या हाताला मिन्स्टर, म्हणजे तिथलं मोठं कॅथीड्रल, मध्ये बागा, जुनी झाडं, विटांची घरं, आणि आपण चालू तसं मिन्स्टर हळूहळू वळतं, आधी समोरून दिसतं मग पाठीमागून. हा तुकडा मी दोनदा चालले, मंक बारपर्यंत जाऊन परत आले आणि परत गेले. एकटं असल्याचा हा फायदा, कुणाला विचारायचं नाही.

बुथम बारसमोरच्या चौकात एका चित्रकाराचा पुतळा आहे, विल्यम एटी. यॉर्कचाच माणूस. पाटी वाचली आणि रात्री घरी येऊन आणखी वाचलं. तर १८०० साली इथल्या नगरपालिकेलाच हा तट नको झाला होता! दुरुस्तीला पैसे, वेशी अरुंद, गाड्या अडतात, म्हणून पार्लमेंटकडं पाडायची परवानगी मागितली. पुढं काही भाग पाडलाही. वेशींच्या पुढं पूर्वी बंदिस्त आवार असायचं, शत्रू आत शिरला की वरून मारायला, ते चारपैकी तीन वेशींचं उतरवलं. तेव्हा जी माणसं आडवी आली त्यांच्यात हा एटी. लंडनमध्ये नाव कमावलेला चित्रकार, पण गावच्या तटासाठी पत्रं लिहीत बसला, लोकांना उठवत राहिला. मला तर हे सगळ्या दिवसात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मी सकाळपासून समजत होते की या लोकांना जपायची सवयच आहे, आपल्याला नाही. तसं नाहीये. तिथंही पाडायलाच निघाले होते, आणि कारणं अगदी आपल्याकडच्यासारखीच.

गुडरमगेटवर होली ट्रिनिटी म्हणून छोटं चर्च आहे, रस्त्यावरून दिसत नाही, एका कमानीतून आत जायचं. आत पेटीसारखी लाकडी बाकं, दार लावून बसायची, आणि फरशी सगळी वरखाली झालेली. मी गेले तेव्हा आत कुणीच नव्हतं.

शॅम्बल्सबद्दल सगळ्यांनी फोटो बघितले असतील. खाटकांची गल्ली. वरचे मजले पुढं आलेले, इतके की दोन्हीकडच्या खिडक्या एकमेकींना टेकतील असं वाटतं, दुकानांबाहेर मांस टांगायचे लोखंडी आकडे अजून आहेत. आता गर्दी फार, जादूच्या कांड्या विकणारी दुकानं, रांगा. पण त्याच गल्लीत मार्गारेट क्लिदरोचं छोटं प्रार्थनाघर आहे, तिथं शांत असतं. खाटकाची बायको. पहिल्या राणी एलिझाबेथच्या काळात, बंदी असलेल्या कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवायची. पकडल्यावर तिनं आरोपाला उत्तरच दिलं नाही, कारण खटला उभा राहिला असता तर घरातल्या पोरांना साक्षीला ओढलं असतं असं सांगतात. उत्तर न देणाऱ्याची शिक्षा ठरलेली, अंगावर दार टाकून त्याच्यावर दगड रचायचे. २५ मार्च १५८६. १९७० ला तिला संतपद दिलं. मी तिथं बसले, बाहेरून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता.

आणि मग क्लिफर्ड्स टॉवर. हिरव्या टेकाडावर दगडी गोलसर मनोरा, खूप सुंदर दिसतो, लोक उतारावर डॅफोडिल्ससकट फोटो काढत होते. पायथ्याशी एक दगड बसवलाय तो वाचा. १६ मार्च ११९० च्या रात्री याच टेकाडावरच्या लाकडी बुरजात यॉर्कचे ज्यू जमा झाले होते, साधारण दीडशे, बाया पोरं सगळे. बाहेर जमाव. बऱ्याच जणांनी हाती सापडण्यापेक्षा स्वतःच जीव दिला, बुरूज पेटला. उरलेल्यांना सांगितलं की ख्रिश्चन व्हा, सोडतो, आणि ते बाहेर आल्यावर त्यांनाही मारलं. नंतर जमाव तेव्हाच्या मिन्स्टरमध्ये गेला, तिथं कर्जाचे कागद ठेवलेले होते, ते जाळले. पुढारी होते त्यातल्या काहींवर त्याच ज्यू सावकारांचं कर्ज होतं. शंभर वर्षांनी, १२९० ला, राजानं सगळ्याच ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं. आत्ताचा दगडी मनोरा नंतरचा, तेराव्या शतकातला. मी फोटो काढायला फोन वर केला होता तो खाली घेतला. फुलं खरंच सुंदर होती, हेही खरं.

तिथून नदी ओलांडून पलीकडच्या तटावर चढले आणि मिकलगेट बारपर्यंत गेले. ही राजाची वेस, लंडनहून येणारा राजा इथून आत यायचा. आणि फितुरांची मुंडकीही इथंच लावायचे. १४६० च्या डिसेंबरात राजगादीवर हक्क सांगणारा ड्यूक ऑफ यॉर्क रिचर्ड वेकफिल्डच्या लढाईत मेला, त्याचं डोकं कागदी मुकुट घालून या वेशीवर टांगलं होतं. तीन महिन्यांत त्याचा मुलगा राजा झाला, त्यानं टाउटनची लढाई जिंकली आणि गावात येऊन बापाचं डोकं उतरवलं.

शेवटी परत मिन्स्टर. तिकीट आहे, पण संध्याकाळच्या इव्हनसाँगला पैसे लागत नाहीत, प्रार्थनेला म्हणून जायचं, फोटो काढायचे नाहीत. मी आधी दुपारी तिकीट काढून आत जाऊन आले होते त्या पूर्वेच्या मोठ्या खिडकीसाठी. जवळजवळ टेनिस कोर्टाएवढी काच! जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिरानं १४०५ ला करार केला आणि तीन वर्षांत पुरी केली, ५६ पौंड मिळाले. वर जगाची उत्पत्ती, खाली जगाचा अंत. मान दुखेपर्यंत बघितली. संध्याकाळी परत गेले तेव्हा मात्र बघायला नाही, ऐकायला गेले. मी ख्रिश्चन नाही, शब्द निम्मे कळले नाहीत. पोरांचे आवाज वर जात होते, छताला लागून खाली येत होते, बाहेर उजेड कमी होत होता तशी रंगीत काच काळी पडत गेली. लहानपणी आजीबरोबर पहाटेच्या काकड्याला जायचे, झोपेत, शब्द कळायचे नाहीत तेव्हा जसं वाटायचं तसं वाटलं.

सातला परत स्टेशन. पाय सुजलेले. बस्स एवढंच. काही विचारायचं असेल तर विचारा.

ओवी२१

किती छान लिहिलंस गं. आजीबाईंना धपाटा दिलास ते वाचून डोळ्यात पाणी आलं, का ते मलाही माहीत नाही. फोटो टाक ना.

कोपऱ्यातला

मस्त. एक शंका, कॉपरगेट म्हणजे आपली तांबट आळी का? तांब्याची भांडी बनवणारे?

खामकाठची

@कोपऱ्यातला, मलाही तेच वाटलेलं, पण नाही. ते कप करणाऱ्यांच्या शब्दावरून आहे, लाकडाचे वाडगे, पेले कातणारे, म्हणजे आपले कातारी म्हणा. तिथंच १९७६ ते ८१ खोदकाम झालं आणि व्हायकिंगांची अख्खी वस्ती निघाली, लाकडी घरं, चामड्याचे जोडे, आणि लाकूड कातताना उरलेले गाभेही सापडले. म्हणजे रस्त्याचं नाव सांगत होतं ते खालून खरंच निघालं. जमीन ओली असल्यामुळं लाकूड आणि चामडं कुजलं नाही. आता तिथं योर्विक म्हणून संग्रहालय आहे, १९८४ पासून. मी रांग बघून आत गेले नाही.

@ओवी, फोटो दोनच धड आलेत, रविवारी टाकते.

भुसावळकर_काका

ताई, फार आनंद झाला वाचून. मी मध्य रेल्वेत छत्तीस वर्षं होतो, लोको शेडला. मुलगा इंग्लंडात असताना दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता गेलो होतो. तुम्ही स्टेशनातून लगेच बाहेर पडलात, पण यॉर्क स्टेशनचं छप्पर वर मान करून बघायला हवं होतं. १८७७ चं स्टेशन, रूळच वळणावर आहेत म्हणून छप्परसुद्धा वळत गेलंय, लोखंडी खांब आणि कमानी, आणि कुठं उभं राहिलं तरी छपराचं टोक दिसत नाही. त्याच्या आधीचं स्टेशन तटाच्या आत होतं, १८४१ चं, त्याच्यासाठी तटाला कमान पाडून रूळ आत नेले होते. ती कमान अजून आहे, तुम्ही बहुतेक तिच्यावरूनच चालत गेलात.

आणि स्टेशनच्या पलीकडं नॅशनल रेल्वे म्युझियम, प्रवेश फुकट. तिथं मॅलर्ड इंजिन उभं आहे, निळं. ३ जुलै १९३८ ला त्यानं ताशी १२६ मैल वेग गाठला, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर, वाफेवर! तो विक्रम आजही अधिकृतपणे कुणी मोडलेला नाही. मी त्याच्या चाकाशेजारी उभा राहिलो तेव्हा माझ्या डोक्याच्या वर चाक. बायको म्हणाली चला आता, मी म्हणलं तू बस, मला अजून अर्धा तास दे. तिनं दोन तास दिले. ती आता नाही. तुमच्या धाग्यामुळं तो दिवस परत आठवला, म्हणून लिहिलं.

खामकाठची

काका, काय लिहू. पुढच्या वेळी आधी छप्पर बघेन आणि मग मॅलर्डजवळ अर्धा तास थांबेन, तुमच्या दोघांच्या नावानं.

नारळीपौर्णिमा

लंडनहून एका दिवसात होईल का? आणि एकट्या बाईला ठीक आहे ना? मी पंचावन्नची आहे, एकटी कधी फिरले नाहीये, मुलगी म्हणते जा म्हणून.

खामकाठची

ताई नक्की जा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी, साधारण दोन तास. तिकीट आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, त्याच दिवशी काढलं तर फार महाग. सकाळी लवकर निघून रात्री परत येता येतं. गाव लहान आहे, तटाच्या आत हरवलं तरी कुठूनही मिन्स्टर दिसतं, त्याच्याकडं चालत राहायचं. मला दिवसभरात कुठंच भीती वाटली नाही. एकटं जेवायला संकोच वाटत असेल तर डबा न्या आणि म्युझियम गार्डन्समध्ये बसा. फक्त शनिवारी संध्याकाळी स्टेशन आणि मिकलगेटच्या बाजूला पिऊन आलेले घोळके असतात, गाणी म्हणत, त्रास देत नाहीत पण आवाज फार. जमलं तर मंगळवार-बुधवार बघा.

स्वराली_एम

मी यॉर्क युनिव्हर्सिटीत शिकले, त्यामुळं हा धागा माझाच आहे असं वाटतंय. दोन गोष्टी घालते.

एक, गल्लीबोळ. त्यांना तिथं स्निकलवे म्हणतात, हा शब्द जुना नाही, १९८० च्या दशकात बनवलेला आहे पण लोकांनी इतका उचलला की आता जुनाच वाटतो. स्टोनगेटवरून कॉफी यार्डमध्ये शिरा, डोकं वाकवून जावं लागतं, आणि एकदम दुसऱ्याच रस्त्यावर निघता. पावसाळी दिवशी मी मुख्य रस्त्यावर न येता अर्धं गाव पार करायचे.

दोन, पूर. ऊझ दर हिवाळ्यात चढतेच. नदीकाठच्या किंग्ज आर्म्स पबात भिंतीवर प्रत्येक पुराची खूण आणि साल लिहिलंय, २००० च्या नोव्हेंबरची खूण माझ्या डोक्याच्या वर आहे. २०१५ च्या डिसेंबरात मी तिथं होते, नाताळच्या सुट्टीत. त्या वेळी ऊझ नाही, तिला मिळणारी छोटी फॉस नदी घरांत शिरली. फॉसच्या तोंडाशी दार आहे, ऊझचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून ते लावतात आणि फॉसचं पाणी पंपानं बाहेर टाकतात. त्या रात्री पंपघरातच पाणी जायला लागलं, वीज जायची भीती, म्हणून दार उघडावं लागलं. आमच्या ओळखीतल्या एका घरी तळमजला गेला. दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली गालिचे बाहेर काढत होती.

आणि हो, वॉमगेट बार राहिला तुमचा! तुम्ही म्हणताय ते वेशीपुढचं बंदिस्त आवार जे तीन ठिकाणी पाडलं, ते चौथं तिथं शाबूत आहे. इंग्लंडातल्या कुठल्याच शहराच्या वेशीला आता ते उरलेलं नाही, फक्त इथं. त्याच्यात उभं राहिलं की कळतं आत अडकलेल्या माणसाचं काय होत असेल.

खामकाठची

अरे देवा, नेमका तोच राहिला. परत जाणार आता.

उत्तरेश्वर

लेख चांगला आहे पण मला एका गोष्टीचा राग येतो आणि तो मी बोलणार. या लोकांनी आपल्याकडं येऊन किल्ले पाडले, १८१८ नंतर सह्याद्रीतल्या गडांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, तट पाडले, आणि स्वतःच्या घरी तटावर फुलं लावून ठेवलीत. आपण तिकीट काढून ते बघायला जायचं आणि कौतुक करायचं. मला ते जमत नाही.

फोर्टकर

@उत्तरेश्वर, राग समजतो आणि गडांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, ते लढाईनंतर मुद्दाम केलं. पण मुंबईचं उदाहरण वेगळं आहे. मुंबईचा फोर्ट इंग्रजांनी स्वतःच बांधला आणि १८६० च्या दशकात बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना स्वतःच पाडला. गाव वाढलं, कापसाचा पैसा आला, भिंत नडायला लागली. चर्चगेटला रोज लाखो लोक उतरतात, ते गेट कुठंय? त्याच तटाबरोबर गेलं, नाव स्टेशनला राहिलं. बझारगेट स्ट्रीटचं तेच. सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात फोर्ट जॉर्जचा थोडा तुकडा उरलाय, मी तिथं कामाला होतो जवळच, वर्षानुवर्षं त्याच्या शेजारून गेलो आणि निवृत्तीला आलो तेव्हा कळलं ते काय आहे.

खामकाठची

@उत्तरेश्वर दादा, तुमचा राग मला चुकीचा वाटत नाही. मीसुद्धा सकाळी तटावर चढताना तेच मनात घेऊन चढले होते. पण एटीचा पुतळा बघितल्यावर माझ्या डोक्यात दुसराच प्रश्न आला. आमचा तट इंग्रजांनी नाही पाडला. औरंगजेबानं १६८२ ला बांधला, निजामाच्या राज्यात होता, आणि बराचसा आमच्याच डोळ्यांदेखत गेला, कुणी घराला दगड नेले, कुठं रस्ता रुंद करायचा म्हणून, कुठं कुणी काही केलंच नाही आणि तो आपोआप पडला. माझे मामा सांगतात की त्यांच्या लहानपणी ते तटाच्या भिंतीवर चढून पतंग उडवायचे. मी विचारलं, मग पाडला तेव्हा तुम्ही काय केलंत? म्हणाले, शाळेला जवळचा रस्ता झाला म्हणून आनंद झाला. मामांना मी दोष देत नाही. पण यॉर्कात अशीच वेळ आली तेव्हा एक जण उठला आणि म्हणाला नको, आणि त्याच्यामुळं मी दोनशे वर्षांनी त्याच्यावर दोनदा चालले. हे मला मनातून जात नाही.

उत्तरेश्वर

हे पटलं. गडांचं दुःख वेगळं, पण तुमचं म्हणणं पटलं.

अंजनी

मधेच येते, कुणी चॉकलेटचं लिहिलंच नाही! किटकॅट यॉर्कचं आहे. राउंट्री कंपनीनं १९३५ ला काढलं, तेव्हा नाव वेगळं होतं. संत्र्याच्या फोडींसारखं टेरीज्चं चॉकलेट ऑरेंजसुद्धा तिथलंच. राउंट्री हे क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे, दारूच्या विरोधात, त्यांनी कामगारांसाठी गावाबाहेर न्यू इअर्सविक नावाची वसाहत बांधली. आणि मला जे जास्त मोठं वाटतं ते म्हणजे त्याच घरातल्या सीबोम राउंट्रीनं यॉर्कातल्या कामगारांच्या घरोघरी माहिती गोळा केली आणि १९०१ ला दाखवून दिलं की इतकी माणसं आळशी म्हणून गरीब नाहीत, पूर्ण आठवडा राबूनसुद्धा पगारच पोट भरायला पुरत नाही. आम्हाला समाजकार्याच्या एमएला हे होतं. तुझ्या त्या सुंदर गल्ल्यांच्या मागच्या चाळींत तो फिरला होता.

खामकाठची

हे मला अजिबात माहीत नव्हतं, थँक्यू! वॉमगेटच्या बाजूला तेव्हा अगदी गरीब वस्ती होती एवढं कुठंतरी वाचलंय. म्हणजे परत जायला आता तीन कारणं झाली, छप्पर, वॉमगेट आणि हे.

नारळीपौर्णिमा

तिकीट काढलं! पुढच्या महिन्यात, बुधवारचं. मुलीला आत्ताच फोन करून सांगितलं. स्वराली, तो बोळ नक्की कुठून शिरायचा?

स्वराली_एम

वा ताई! स्टोनगेटवर एका दुकानाच्या कोपऱ्यावर लाल रंगाचा छोटा सैतान बसवलाय लाकडाचा, छापखान्याच्या पोऱ्याची खूण, तिथं पूर्वी छापखाना आणि पुस्तकांचं दुकान होतं. तो दिसला की जवळच कॉफी यार्डची कमान. अजून एक, बुथम बारसमोरच्या एटीच्या चौकातून रोज सकाळी गावातले स्वयंसेवक लोकांना गाव फिरवून दाखवतात, १९५१ पासून, एक पैसा घेत नाहीत, बक्षिसीसुद्धा घेत नाहीत. एकट्या जाताय तर त्यांच्याबरोबर दोन तास जा आणि मग आपलं आपण फिरा. चपला नको, बूट घाला, दगड ओला असतो.

दौलताबादी

खामकाठची ताई, मी शहागंजचा. तुमचं वाचून काल संध्याकाळी मुद्दाम भडकल गेटला जाऊन उभा राहिलो. मलिक अंबरनं १६१२ ला बांधलेली कमान, रोज खालून, बाजूनं जातो पण वर मान करून बघितलं नव्हतं कधी. आतल्या घुमटाकडं बघत होतो तर एक चहावाला म्हणाला काय हरवलं का भाऊ. आमच्या इथं थोडी मंडळी आहेत, रविवारी सकाळी जमून एकेका दरवाज्यापाशी झाडू मारतो, नकाशावर उरलेल्या तटाचे तुकडे टिपतो. मोठं काही नाही. तुम्ही आल्यात तर या, मकाई गेटपासून सुरू करू आणि दिल्ली गेटपर्यंत चालू.

खामकाठची

दादा, मी जुलैत परत येतेय, पण पावसाचं बघू, नाहीतर नोव्हेंबर नक्की. किती वाजता जमता? मामांनाही आणणार आहे.

दौलताबादी

सहाला. सातनंतर गाड्या सुरू होतात मग मध्ये उभं राहता येत नाही. मामांना म्हणावं, पतंग कुठून उडवायचे ती जागा दाखवा, आमच्या नकाशात तो तुकडा नाहीये.